मुशीतून उतरलेलं ॲल्युमिनियम

श्रीरामपूरला आमच्या कॉलेजच्या मागे, सायकल स्टँडला लागून एक पत्र्याची खोली होती. तिथे मी सव्वीस वर्षं धातूंचे स्फटिक वाढवले. गावाला मी फिजिक्सची मॅडम म्हणून ठाऊक. त्या खोलीत काय चालतं ते मात्र फारसं कुणाला कळलेलं नव्हतं. एकदा नेवाशाहून एक निवृत्त तलाठी विचारत विचारत थेट खोलीपर्यंत आले.

"मॅडम, तुमी खडे बनवता म्हनं."

"खडे नाही, स्फटिक."

"त्येच. शनीचा हाय का?"

मी डबी उघडून त्यांच्या तळहातावर दोन तुकडे ठेवले. मसुराच्या डाळीएवढे, करड्या रंगाचे, एका बाजूला चकाकी. त्यांनी ते उन्हात धरून पाहिले. "ह्ये तर भांड्याच्या कल्हईचं खापरं दिसतंय."

"उणे दोनशे सत्तर अंशांच्या आसपास हे फार वेगळे वागतात," मी म्हटलं.

"आपल्याकडं इतकी थंडी कुठं पडती?" असं म्हणून त्यांनी तुकडे परत दिले आणि चहा घेऊन निघून गेले. माझ्या कामाबद्दल इतका नेमका प्रश्न नंतर विद्यापीठाच्या समितीनंही विचारला नाही.

त्यांना जे सांगता आलं नाही ते इथे सांगते. तांब्याची तार थंड करत नेली की तिचा विजेला होणारा विरोध घटतो आणि वीज अधिक सहज वाहते. खूप थंडीत हा विरोध कसा कमी होतो याचा नियम ठरलेला आहे, आणि बहुतेक धातू तो निमूटपणे पाळतात. आलेख काढला तर तळाशी अलगद वळणारी एक रेघ मिळते. पण काही धातू विचित्र आहेत. त्यांत यटर्बियमसारख्या मूलद्रव्याचे अणू असतात आणि प्रत्येक अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक. थंडी वाढली की ही चुंबकं एक वर, एक खाली, अशी रांगेत उभी राहतात. आता बाहेरून मोठं चुंबकीय क्षेत्र लावायचं. क्षेत्र वाढवत नेलं की रांग लागायला आणखी थंडी लागते, मग आणखी, आणि एका ठरावीक क्षेत्राला अशी वेळ येते की रांग लागण्याचं तापमान थेट निरपेक्ष शून्यावर जाऊन टेकतं.

बर्फ वितळतो तो उष्णतेनं. इथे उष्णता उरलेलीच नसते, तरी रांग मोडते. ती मोडते अणूंच्या जगातल्या अंगभूत अस्थिरतेनं, जी शून्य अंशालाही थांबत नाही. या जागेला क्वांटम क्रांतिक बिंदू म्हणतात. तिथे धातू नेहमीचा नियम सोडतो आणि आलेखातली वळणारी रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होते. का होते, याचं सगळ्यांना पटणारं उत्तर अजून कुणाकडे नाही. जगभर लोक या सरळ रेघेमागे लागलेत आणि त्यांना सगळ्यात आधी लागतो तो शुद्ध स्फटिक. तो वाढवणं हे माझं काम.

कृती सांगायला सोपी आहे. यटर्बियम, सिलिकॉन असे सगळे घटक मोजून एका मुशीत घालायचे. मूस म्हणजे सोनाराकडे असते तसलंच भांडं, फक्त आमचं पांढऱ्या ॲल्युमिनाचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचं. वरून भरपूर कथील टाकायचं. मूस काचेच्या नळीत ठेवून, नळीतली हवा काढून, ज्योतीवर तिचं तोंड बंद करायचं. ही काचही साधी नव्हे, क्वार्ट्झची, भट्टीत तग धरणारी. भट्टी अकराशे अंशांवर नेली की कथलात सगळं विरघळतं. काही तास तिथे धरायचं आणि मग आठवडाभर तासाला दोन-तीन अंश इतक्या हळू निववायचं. कथलात हळूहळू स्फटिक धरतात. शेवटी नळी तापलेली असतानाच चिमट्यानं उचलायची आणि गरगर फिरवायची, म्हणजे पातळ कथील बाजूला उडतं आणि स्फटिक मागे राहतात.

फिरवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते आणलं रूबेनभाऊंनी. रूबेनभाऊ आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि हाताला असे स्थिर की ज्योतीवर नळी बंद करताना त्यांच्या कपाळावरची माशीही उडत नसे. त्यांच्या गावच्या दूध संस्थेनं फॅट तपासायचं जुनं चाकाचं मशीन मोडीत काढलं होतं. त्याच्या खाचा त्यांनी कापून मोठ्या केल्या आणि तापलेली नळी बसावी म्हणून आत विटेची भुकटी भरली. दुधातली चरबी वेगळी करणाऱ्या त्या चाकावर आम्ही पंधरा वर्षं कथील उडवलं.

आमचा वैरी एकच, लोडशेडिंग. आठवड्याच्या निववण्यात मध्येच लाईट गेली की भट्टी धाडकन खाली येई. मग नळी परत अकराशेवर न्यायची, सगळं पुन्हा विरघळवायचं आणि पहिल्यापासून सुरू. आम्ही दोघं यात पटाईत झालो होतो. पुढे जे घडलं त्याचं मूळ याच पटाईतपणात होतं.

वैशाली माझी विद्यार्थिनी. पाथर्डी तालुक्यातली, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. ती वसतिगृहात राहून शिकली. बी.एस्सी.ला असताना ती खोलीत आली आणि भट्टीचं तापमान दर तासाला वहीत लिहायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे तिनं मोठ्या संस्थेत पीएच.डी. केली आणि दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेत तात्पुरत्या जागेवर लागली. तिथे अतिशीत तापमानाचं उपकरण होतं आणि दवाखान्यातल्या एमआरआय मशीनच्या कित्येक पट ताकदीचं चुंबक; ही ताकद टेस्ला या एककात मोजतात. मी स्फटिक वाढवायचे, कुरियरनं पाठवायचे, तिनं मोजायचे. सहा वर्षं आमचं असं चाललं होतं.

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना एका दुपारी तिचा फोन आला. तास संपवून मी स्टाफरूममध्ये डबा उघडला होता.

"मॅडम, नवव्या बॅचचा तुकडा लावलाय. सहा टेस्लाला रेघ सरळ येतेय."

"किती खालपर्यंत?"

"उपकरण जाईल तिथपर्यंत. मी चार वेळा घेतली."

मी डबा झाकला. सहा वर्षं आम्ही जी रेघ शोधत होतो ती ही. या धातूचा क्रांतिक बिंदू कुणी दाखवलेला नव्हता. वैशालीनं महिनाभरात निबंध लिहून काढला. तो तिनं सगळ्यांना वाचायला खुला केला आणि एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला. तिची तात्पुरती जागा त्या वर्षाअखेर संपणार होती. तिथेच एक कायमची जागा निघाली, तिलाही मुलाखतीचं बोलावणं आलं आणि तिथे सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही सरळ रेघ.

मग परदेशातल्या एका गटाचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. आम्हीही हाच धातू वाढवला आहे, पण सहा टेस्लाला आम्हाला रेघ वळलेलीच दिसते; तुमचा एक तुकडा पाठवाल का? नवव्या बॅचचे चांगले तुकडे माझ्याकडे तीनच उरले होते. वैशाली म्हणाली, "मुलाखत होऊ द्या, मग पाठवू." मला ते पटलं नाही. मी एक तुकडा पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: तुमच्या तुकड्यात आम्हालाही सरळ रेघ दिसते; आमच्या स्वतःच्यात नाही.

याचा अर्थ वैशालीचं मोजमाप बरोबर होतं. फरक स्फटिकात होता, म्हणजे माझ्या कामात.

दुसऱ्या दिवशी मी आणि रूबेनभाऊंनी सगळ्या वह्या काढल्या. धातूंच्या बाटल्या त्याच, वजनं बरोबर. मग जुन्या मुशी ठेवलेला पत्र्याचा डबा उलटा केला. टाकून न देण्याची सवय रूबेनभाऊंची. प्रत्येक मुशीवर पेन्सिलीनं बॅचचा नंबर. त्यांनी नववी मूस उचलली, आतून बोट फिरवलं आणि थांबले. मग आठवी घेतली, तिच्यातून फिरवलं.

"मॅडम, ही आतून खाल्ल्यावानी लागती."

मी बोट घातलं. आठवी मूस गुळगुळीत होती. नवव्या मुशीच्या भिंती खरखरीत, जागोजागी कुरतडलेल्या.

वहीत उत्तर होतं. नवव्या बॅचच्या वेळी लाईट पाच वेळा गेली होती. पाचही वेळा आम्ही नळी परत अकराशेवर नेली होती आणि दर खेपेला आठ-दहा तास तिथे धरली होती. एरवी जे भांडं काही तास त्या कढत रसाजवळ असतं ते या खेपेला दोन दिवसांहून जास्त होतं. यटर्बियमनं भांडं खाल्लं. भांड्यातलं ॲल्युमिनियम रसात उतरलं आणि तिथून स्फटिकात, सिलिकॉनच्या जागी जाऊन बसलं. थोडंच, शंभरात एक वगैरे, पण अशा धातूला तेवढं पुरतं. ज्याला आम्ही शुद्ध म्हणत होतो तो शुद्ध नव्हता. सरळ रेघ खरी होती, पण ती ज्या धातूची म्हणून आम्ही सांगितली त्याची नव्हती.

नक्की करायला तुकडा तपासणीला धाडला. अहवाल आला त्या दिवशी वैशालीची मुलाखत पाच दिवसांवर होती.

मला त्या दिवसाबद्दल खरं लिहायला हवं. फोन हातात घेऊन मी बराच वेळ बसून होते. पाच दिवस गप्प बसले असते तर मी खोटं बोलले असते असं कुणी म्हणालं नसतं. अहवाल पोस्टात अडकला असता, मी आजारी असते, काहीही असतं. रूबेनभाऊ भट्टी पुसत होते. मी त्यांना विचारलं, "काय करू?" ते म्हणाले, "पोरगी तुमची हाय. तिला कळाल्यावर ती तुमाला काय म्हनंल, त्ये बघा."

मी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"किती टक्के?" वैशालीनं विचारलं.

मी आकडा सांगितला.

"अहवाल पाठवा मला."

"वैशाली, चूक माझी आहे. तसं तू मुलाखतीत सांग."

"चूक कुणाची ते विचारणार नाहीत मॅडम. खरं काय ते विचारतील." मग तिचा आवाज जरा बदलला, गावाकडचा झाला. "माझी आई म्हनती, उसाची मोळी बांधताना आत पाचट लपवलं तर गाडीत भरताना सुटतीच."

तिनं निबंध मागे घेतला. मुलाखतीत फळ्यावर आलेख काढून तिनं स्वतःच सांगितलं की काही महिन्यांपूर्वी मी जे लिहिलं ते चूक होतं, का चूक होतं आणि पुढे काय करायला हवं. तिची निवड झाली नाही. दुसऱ्या कुणाची झाली. तो मुलगा चांगला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही एवढंच सांगते, त्याहून जास्त लिहायला मला जमणार नाही.

चार दिवसांनी तिचाच फोन. "मॅडम, शुद्ध स्फटिक कधी देताय? माझी जागा डिसेंबरपर्यंत आहे."

आता दोन गोष्टी बदलायच्या होत्या, भांडं आणि वीज. ॲल्युमिनाची मूस बाद. तिच्या जागी टँटलम या धातूची नळी, जी यटर्बियमला दाद देत नाही. पण तिची टोकं हवेत जोडता येत नाहीत. तापलेलं टँटलम हवेत ठिसूळ होतं. शहराबाहेर दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडणारे एक आर्गन वेल्डिंगवाले होते. रूबेनभाऊ त्यांच्याकडे तीन आठवडे संध्याकाळी जाऊन बसले आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नवं काम शिकले. मग काचेची पेटी करून, ती आर्गन या निष्क्रिय वायूनं भरून, आत हातमोजे घालून त्यांनी नळ्या जोडल्या. पहिल्या चार फुटल्या. पाचवी टिकली.

विजेचं उत्तर शोधायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. आमच्या भागातले साखर कारखाने हंगामात चिपाड जाळून स्वतःची वीज करतात. गाळप सुरू असताना तिथली लाईट सहसा जात नाही. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतले केमिस्ट माझे जुने विद्यार्थी निघाले. साखरेचा उतारा तपासायच्या त्यांच्या टेबलाशेजारी त्यांनी मला कोपरा दिला. नोव्हेंबरात भट्टी टेम्पोत घालून आम्ही तिकडे नेली. खोलीभर मळीचा वास, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, आणि भट्टीवरचा आकडा मुंगीच्या पावलानं उतरत होता. सात दिवसांत तो एकदाही डळमळला नाही.

वैशालीचे आईवडील त्या हंगामात त्याच कारखान्याच्या तळावर होते. एका दुपारी तिची आई भट्टी बघायला आली. हातात कोयता तसाच होता. तो तिनं दाराबाहेर ठेवला.

"हीच का ती, जिच्यापायी पोरीची नोकरी गेली?"

मी "हो," म्हटलं.

ती जवळ आली, हात पुढे करून ऊब घेतली. "आनि हिच्यातनंच परत यायची?"

"ते मला सांगता येत नाही. स्फटिक मात्र चांगले निघतील."

"मंग चांगले काढा," ती म्हणाली. "बाकीचं तिचं ती बघंल."

दोन बॅच त्या हंगामात निघाल्या. तपासणीत ॲल्युमिनियमचा मागमूस नव्हता. या वेळी मी कुरियर केलं नाही. सहा वर्षं मी तिकडे स्फटिक पाठवत आले होते, पण ते जिथे जातात ते चुंबक मी कधी पाहिलंच नव्हतं. डबी पर्समध्ये ठेवून मी रेल्वेनं निघाले.

चुंबकाच्या खोलीच्या दारात वैशालीनं माझं घड्याळ, केसातल्या पिना आणि चाव्या काढून घेतल्या. ती बारीक झाली होती. आत पुरुषभर उंचीचं पिंप, त्यात थंडीसाठी द्रवरूप हेलियम, आणि पंपाची एकसारखी धापधाप. भिंगाखाली माझ्या तुकड्याला केसाहून पातळ चार सोन्याच्या तारा चिकटवताना तिचा हात मी पाहिला. रूबेनभाऊंच्या हातासारखाच स्थिर.

सकाळी अकराला क्षेत्र चढवायला सुरुवात केली. पडद्यावर एकेक ठिपका उमटत होता. सहा टेस्लाला रेघ वळलेली, परदेशी गटाला मिळाली होती तशीच. ते बरोबर होते. वैशालीनं त्याची नोंद केली आणि क्षेत्र थोडं थोडं बदलत गेली. दुपारी तीनच्या सुमाराला, नऊ टेस्लाच्या जरा अलीकडे, ठिपके एका रेषेत पडायला लागले. एक, दुसरा, दहावा. मी पर्समधून प्लास्टिकची पट्टी काढून पडद्याला लावली.

"सरळ आहे," मी म्हटलं.

"सरळ दिसतेय," ती म्हणाली. "पण इतक्या क्षेत्रात थर्मामीटर स्वतःच चुकीचं तापमान सांगतो. तो बदलून परत घ्यायला हवं."

तिनं चुंबक उतरवायला घेतलं. मला क्षणभर राग आला. मग लक्षात आलं की ही सवय तिला लागली ती आमच्याच खोलीत.

परदेशी गटानंही दोन महिन्यांनी तेच क्षेत्र छापलं, आमच्या आधी. पहिलेपणा त्यांचा, आणि त्याची रुखरुख मला आहे. नसल्याचं सोंग करत नाही. आमच्याकडे मात्र एक गोष्ट होती जी त्यांच्याकडे नव्हती: शुद्ध धातू आणि ॲल्युमिनियम शिरलेला धातू, दोन्ही. चिमूटभर ॲल्युमिनियमनं तो बिंदू नवावरून सहावर कसा येतो, हे आम्ही शेजारी शेजारी दाखवू शकलो. त्यावर वैशालीचा निबंध आला. त्यात लेखक म्हणून तीन नावं आहेत आणि त्यातलं एक रूबेनभाऊंचं. पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या एका संस्थेत कायमची जागा मिळाली. तिथे तिनं आधी भट्टी मागितली, मग टेबल.

पण हे सगळं नंतर. मी परत आले त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही कारखान्यातून भट्टी परत आणत होतो. मी टेम्पोत पुढे बसले होते, रूबेनभाऊ शेजारी. वैशालीचा निरोप आला: "मॅडम, तिसरा थर्मामीटर लावला. सरळच."

मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. रूबेनभाऊंनी मागे वळून भट्टीचा दोर घट्ट आहे ना ते बघितलं.

"मंग आता चौथा लावाय सांगा," ते म्हणाले.